वेगात वळताना मुलगी पडते; प्लँक रोज किती मिनिटे करावा?

प्रश्न असा आहे: "माझी १३ वर्षांची मुलगी कोल्हापुरात फुटबॉल खेळते. सरळ धावताना ती कोणाच्या हाती लागत नाही, पण वेगात वळली की तोल जाऊन पडते. प्रशिक्षकांनी पोट आणि पाय मजबूत करायला सांगितले आहे. रोज किती मिनिटे प्लँक करावा? बॅलन्स बोर्ड विकत घ्यावा का?"

"सरळ धावताना कोणाच्या हाती लागत नाही" हे आपले वाक्य वाचले आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. ११ वर्षांपूर्वी मी ज्या शाळकरी मुलींच्या संघाला शिकवत होतो, त्यात अशीच एक १४ वर्षांची मुलगी होती आणि तिच्याबद्दल मी जवळजवळ याच शब्दांत, मोठ्या अभिमानाने, भेटेल त्याला सांगत असे.

प्लँकचे, म्हणजे कोपर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ रेषेत तोलून धरण्याच्या व्यायामाचे, आधी सांगतो. दहा सेकंदांचा एक, असे पाच-सहा, श्वास न रोखता आणि कंबर खाली न सोडता केले की या वयाला पुरे. मैदानावर तिला आपले धड एक मिनिट एका जागी धरून ठेवायचे नसते. पाय जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी पोट आणि पाठ आवळली जावी आणि काम होताच सैल व्हावी, एवढेच हवे असते, आणि ही वेळ साधणे चटईवर पडून शिकता येत नाही. "पोट आणि पाय मजबूत करा" हा सल्ला चुकीचा नाही; पण तो देऊन थांबणारा प्रशिक्षक आपले काम पालकांच्या गळ्यात घालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वर्णनावरून तरी मुलगी अशक्त आहे असे मला वाटत नाही. तिला थांबता येत नाही, म्हणून ती पडते.

सरळ धावणाऱ्या शरीराला वळवायचे तर आधी त्याचा पुढे जाण्याचा वेग मोडावा लागतो. जी खेळाडू वळणापूर्वीची दोन-तीन पावले आखूड करते, कंबर खाली आणते आणि बाहेरचा पाय शरीरापासून दूर टेकून आत झुकते, तिचा भार मांडी आणि खुबा मिळून उचलतात. जी हे करत नाही, तिचा पाय थांबतो आणि धड पुढेच जात राहते. मग एक तर ती पडते, नाही तर तो सगळा भार गुडघ्यावर येतो. या दोहोंत पडणे बरे. माझ्या संघातली ती मुलगी पडत नसे, आणि म्हणूनच तिच्या वळण्यात काही खोट आहे असे कोणाला वाटले नाही.

मला ती खोट दिसली होती. उडी मारून उतरताना किंवा दिशा बदलताना तिचा उजवा गुडघा पंजाच्या रेषेत न राहता आत, दुसऱ्या गुडघ्याकडे पडत असे. मी तेव्हा साहाय्यक प्रशिक्षक होतो. मुख्य प्रशिक्षक वयाने आणि मानाने मोठे, स्वतः उत्तम खेळलेले, आणि त्यांची पद्धत ठरलेली होती: पहाटे रंकाळा तलावाभोवती धावणे, मग मोजून बैठका, मग घड्याळ लावून वेगाच्या धावा. आठवड्यातून तीन दिवस १५ मिनिटे मला द्या, मुलींना उतरायला, थांबायला आणि एका पायावर भार घ्यायला शिकवतो, अशी विनंती मी केली. ते सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "अरे, एका पायावर उभं राहून गोल होत नसतात." मुली हसल्या आणि मी गप्प बसलो. तो विषय मी पुन्हा काढला नाही, याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर दीड महिन्याने सरावाच्या सामन्यात तिने चेंडू डावीकडे ढकलला आणि वळण्यासाठी उजवा पाय रोवला. दोन हातांच्या अंतरात कोणी नव्हते. पंजा जमिनीत रुतलेला राहिला, धड वळले, गुडघा आत गेला, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मला "टक्" असा आवाज ऐकू आला. एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जोडून ठेवणाऱ्या गुडघ्यातल्या लिगामेंटपैकी एक, पूर्ण फाटले होते. तिचे वडील दवाखान्यात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते: "धक्का कुणी दिला?" कोणीच दिला नाही, हे माझे उत्तर त्यांना पटत नव्हते आणि ते पटावे असे समजावून सांगण्याइतके ज्ञान तेव्हा माझ्यापाशीही नव्हते. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने व्यायामोपचार झाले, पण ती पुन्हा संघात आली नाही. मुख्य प्रशिक्षकांनी एवढेच म्हटले की मुलींचे गुडघे नाजूकच असतात, ज्याचे त्याचे नशीब.

हे नशीब नव्हते. एसीएलच्या बहुतेक दुखापती कोणाचाही धक्का न लागता, उतरताना, थांबताना किंवा वळतानाच होतात. मुलींमध्ये त्यांचे प्रमाण मुलांपेक्षा काही पटींनी अधिक आहे ही गोष्ट खरी, पण त्याचा अर्थ मुलींना हे शिक्षण अधिक काळजीने द्यावे असा होतो, हात झटकावेत असा होत नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या वैद्यकीय संशोधकांनी २००६ मध्ये इतर तज्ज्ञांसह '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप तयार केला. त्यात १५ व्यायाम असून सुमारे २० मिनिटे लागतात, आणि धावणे, एका पायावरचा तोल, उडी मारून उतरणे, दिशा बदलणे हेच त्याचे गाभ्याचे घटक आहेत. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. आमच्या त्या मैदानावर हे होऊ शकत होते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नव्हते, फक्त २० मिनिटे लागत होती.

खरे तर कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट नॉर्वेकडून शिकण्याची गरज पडू नये. मी आठव्या वर्षापासून पेठेतल्या तालमीत जात होतो. ताक, हळद आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीत आम्ही पवित्रा घेऊन उभे राहायचो, आणि वस्ताद मागून फिरता फिरता अचानक कोणाच्या तरी खांद्याला हाताने ढकलायचे. जो ताठ उभा असे तो पडे. ज्याचे गुडघे किंचित वाकलेले आणि खांदे सैल असत, त्याचा पाय आपोआप सरकून शरीराखाली येई. "ताठ झालास की गेलास," एवढेच ते म्हणत. शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ पासून कुस्त्या पाहत आलेल्या खासबाग मैदानात बसून, पकड होण्यापूर्वी मल्लांचे फक्त पाय पाहा. त्यांच्यातला कोणीही स्थिर उभा नसतो, दोघेही सतत तोल सोडत आणि परत मिळवत असतात. स्थिरता म्हणजे न हलणे नव्हे, हे आमच्या आखाड्याला ठाऊक होते; फुटबॉलच्या मैदानावर मात्र आम्ही तालमीतून फक्त बैठकांची संख्या उचलली आणि पवित्रा तिथेच ठेवून आलो.

२०२४ मध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून काही पालक मला "मुलांना असं स्थिर राहायला शिकवा" असे सांगतात. कुसाळे यांच्या यशाचा मला फार अभिमान आहे. पण गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरणाऱ्या नेमबाजाची स्थिरता म्हणजे शरीराचा लहानात लहान हेलकावाही कमी करत नेणे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीची स्थिरता म्हणजे मोठा हेलकावा आला तरी पुढच्या पावलात त्यातून बाहेर येणे. एकाचा व्यायाम दुसऱ्याला देऊन चालत नाही.

आता मी मुलींना कसे शिकवतो ते सांगतो. सुरुवात जिन्याच्या एका पायरीएवढ्या उंचीवरून दोन्ही पायांवर उतरण्याने होते, आणि उतरल्यावर तीन सेकंद तिथेच राहायचे असते. "गुडघा आत जाऊ देऊ नकोस" असे मी सांगत नाही, कारण मग मुलगी गुडघ्याचाच विचार करत आखडते. "आवाज न करता उतर" एवढेच सांगतो, आणि आवाज बंद करण्याच्या प्रयत्नात खुबा, गुडघा, घोटा हे तिन्ही आपोआप वाकतात. ते जमले की एका पायावर उतरणे. मग वस्तादांचा धडा: एका पायावर चेंडू परत देत असताना जोडीदारीण कधीही, कोणत्याही बाजूने खांद्याला हलके ढकलते. त्यानंतर धावत येऊन फक्कीच्या रेषेवर थांबणे, आधी मंद, मग वेगात. थांबणे पक्के झाल्याशिवाय मी वळणे शिकवतच नाही. वळणेही आधी ठरलेल्या दिशेला, आणि अखेरीस मी शेवटच्या क्षणी हात दाखवेन त्या दिशेला. सामन्यात दिशा आधी कोणी सांगत नाही, म्हणून एकच हालचाल शंभर वेळा तंतोतंत करण्यापेक्षा तीच हालचाल दर वेळी थोड्या वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या वेगाने, वेगळ्या मातीवर करणे मला महत्त्वाचे वाटते. मुलगी दमली की हा भाग बंद करायचा, कारण दमलेले शरीर चुकीचीच सवय पक्की करते. म्हणून तो सरावाच्या आरंभी हवा, रंकाळ्याच्या फेऱ्यांनंतर नव्हे.

बॅलन्स बोर्ड, म्हणजे तोल सांभाळत उभे राहायची डुगडुगती फळी, घेऊ नका. त्यावर सराव केला की मुख्यतः त्यावर उभे राहणे सुधारते; मैदानात जमीन हलत नसते, मुलगी हलत असते. घोटा मुरगळून गेल्यानंतरच्या उपचारात मात्र त्याचा चांगला उपयोग होतो, हेही सांगायला हवे.

"एका पायावर उभं राहून गोल होत नसतात" या मुख्य प्रशिक्षकांच्या वाक्याचे उत्तर मला फार उशिरा सुचले, आणि ते ऐकायला ते गृहस्थ आता प्रशिक्षणात नाहीत. चेंडूला लाथ मारताना दुसरा पाय जमिनीवर एकटाच असतो. मैदानावर पायाने मारलेला बहुतेक प्रत्येक गोल हा एका पायावर उभे राहूनच होतो, आणि तो उभा पाय डळमळला तर मारणारा पाय कितीही बलवान असून उपयोग नाही. जोर, बैठका आणि धावणे यांना माझा विरोध नाही. ताकद नसेल तर ताबाही येत नाही. परंतु प्रशिक्षक फक्त तेवढेच करून घेत असतील, तर त्यांच्याकडे वॉर्म-अपची २० मिनिटे मागा, आणि माझ्यासारखे एका वाक्यावर गप्प बसू नका.

दोन गोष्टी राहिल्या. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. हाडे लांब होतात आणि शरीराचा जुना अंदाज काही काळ चुकतो, त्यामुळे आपल्या मुलीचे पडणे काही अंशी या वाढीचेही असू शकेल. त्या काळात तिला ओरडू नका, पण हा सरावही सोडू नका. आणि पडल्यानंतर काही तासांत गुडघा सुजला, किंवा चालताना तो निसटल्यासारखा वाटला, तर तेल चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर वर लिहिलेले काहीही करून घेऊ नका.

रविवारी तिला पायरीवरून दहा वेळा उतरायला सांगा आणि समोरून, गुडघ्याच्या उंचीवर फोन धरून चित्रीकरण करा. ते मंद गतीने पाहताना चेहऱ्याकडे न बघता गुडघा पंजाच्या वर राहतो की आत जातो, तेवढेच बघा. आत जात असेल तर दोन पायांवर उतरण्यापासून सुरुवात करा, आणि तोपर्यंत तिच्या वेगाचे कौतुक थोडे लांबणीवर टाका.