वडिलांचं डायलिसिस, सेकंड शिफ्ट आणि परत पाठवलेलं पाकीट

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत सहा वर्षं मशीनवर काम. वडिलांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी चारला. सुपरवायझरनं तोंडी सांगून चौदा महिने कायम फर्स्ट शिफ्ट दिली. नवे मॅनेजर आले आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलणं पुन्हा सुरू झालं. सेकंडला जमणार नाही म्हणून हे घरी बसले, त्याला पत्र लिहिलं त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. मध्ये कंपनीची स्पीड पोस्टानं दोन पाकिटं आली, ती यांनी न घेता परत पाठवली. आणि विचारतात, घरच्या आजारी माणसासाठी सोयीची वेळ मागण्याचा कायदा आहे ना?

नाही. खासगी कारखान्यातल्या कामगाराला असा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. 2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात घरून कामाची सोय आली, पण ती बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि मालकाशी ठरवून. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, आजारपणाचा भत्ता तुम्ही आजारी पडलात तर मिळतो, वडिलांच्या आजारपणात नाही.

पण तुमचं प्रकरण शिफ्टवर अडलेलं नाहीच, ते त्या दोन पाकिटांवर अडलंय. नेमणूकपत्राची प्रत तुम्हीच जोडली आहे. त्यातलं कलम वाचलंत का? आठ दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नोकरी स्वतःहून सोडली असं धरलं जाईल. पाकिटात बहुधा ‘कामावर हजर व्हा, खुलासा करा’ एवढंच असणार. पोस्टमननं पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला की कोर्ट साधारणपणे ते तुम्हाला मिळालं असंच मानतं. बरोबर पत्त्यावर टाकलेलं पत्र पोचलं असं धरायची तरतूद 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्यातच आहे. नोटीस नाकारून सुटका होते हा समज गावोगाव कुणी पसरवला माहीत नाही, पण त्यापायी नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्यात.

तसं कलम असलं तरी कामगाराचं म्हणणं न ऐकता नाव पटावरून काढता येत नाही. डी. के. यादव यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1993 मध्ये हे स्पष्ट सांगितलं. तिथंही आठ दिवसांचंच कलम होतं. यादवांचं म्हणणं होतं, मी रोज येत होतो, गेटवरच अडवत होते. त्यांना कामावर परत घेतलं, मागचा पगार मिळाला निम्मा. मात्र त्यांना काढलं होतं डिसेंबर 1980 मध्ये! साडेबारा वर्षं. तुमच्या वडिलांच्या डायलिसिसला एवढी वाट पाहता येणार आहे का? शिवाय यादवांना म्हणणं मांडायची संधीच दिली नव्हती. तुम्हाला दिली होती आणि तुम्ही ती दारातून परत पाठवलीत, असं कंपनी म्हणेल.

म्हणून हे वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी, जी शिफ्ट लावली असेल तिला गेटवर हजर व्हा. सेकंड असली तरी. त्या आठवड्यापुरतं वडिलांबरोबर बहिणीला, मेव्हण्याला, कुणालाही पाठवा. बरोबर दोन प्रतींत अर्ज न्या: इतके दिवस का आलो नाही, आज हजर होतोय, आधीच्या दोन पत्रांच्या प्रती द्याव्यात. टाइम ऑफिसमध्ये एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. आत घेतलं नाही, तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. कुणी कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही मागितली, तर करू नका.

शिफ्टची मागणी दुसऱ्या, वेगळ्या अर्जात करा. डायलिसिस सेंटरचं वार आणि वेळ लिहिलेलं पत्र जोडा. ‘कायम फर्स्ट द्या’ असं मोघम लिहू नका. तीन महिन्यांसाठी त्या तीन वारी फर्स्ट, बाकीच्या दिवशी कोणतीही, आणि शिफ्ट अदलाबदलीला तयार असलेल्या सहकाऱ्याची सही, असं लिहिलंत तर मॅनेजरला हो म्हणणं सोपं जाईल. भरपगारी रजा दर वीस दिवसांच्या कामामागे एक मिळते. शिल्लक किती आहे ते लेखी विचारा, पुढे अडीनडीला ती लागेल.

चौदा महिन्यांची सवलत हा हक्क झाला का? चालत आलेली सवलत काढायची तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, हा मुद्दा मांडता येईल. पण एकट्याला, तोंडी दिलेल्या सवलतीवर तो टिकेलच असं सांगत नाही. नेमणूकपत्रात ‘लावतील त्या शिफ्टमध्ये’ असे शब्द असतील तर आणखी अवघड. त्या वेळी सुपरवायझरला एक साधा मेसेज केला असतात, ‘साहेब, ठरल्याप्रमाणे फर्स्टला येतोय’ एवढा, तरी आज हातात काही असतं. त्या सुपरवायझरांनी तेव्हा काही पाठवलंय का, फोनमध्ये शोधा.

काढल्याचं पत्र आधीच निघालं असेल, तर ते ज्या तारखेला हातात पडेल ती लिहून ठेवा. अनुचित कामगार प्रथांच्या 1971 च्या कायद्याखाली तक्रारीला 90 दिवसांची मुदत असते. आणि ते पाकीट या वेळी सही करून घ्या.