वाचकांचे प्रश्न : गाडीत काय ऐकावं?

प्रश्न : दिवाळीत आम्ही चौघं इंदूरहून पुण्याला गाडीने जाणार आहोत. बाबांना उस्ताद अमीर खाँ ऐकायचे असतात. मागच्या खेपेला लावले तर सुरुवातीचं काही ऐकूच येईना, आवाज वाढवला तर पुढे कानठळ्या बसल्या. मुलांना तेव्हापासून ‘शास्त्रीय’ म्हटलं की नको वाटतं. निवड कशी करावी? (रामबाग, इंदूर)

उत्तर : गाडी ८०च्या पुढे गेली की टायर आणि वारा यांची सलग घरघर सुरू होते, आणि ती खालच्या पट्टीतली असते. खाँसाहेबांचा अतिविलंबित म्हणजे अतिशय संथ लयीतला ख्याल, बहुधा झुमरा तालाच्या १४ मात्रांत, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातून हळूहळू उलगडत जातो. म्हणजे त्यातला सगळ्यात मोलाचा भाग त्या घरघरीतच बुडतो. तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवलात की तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या ताना अंगावर येतात. ज्या गायकाने इंदूरचं नाव घराण्याला दिलं, त्याला असं अर्धवट ऐकणं बरं नाही. त्यांचे द्रुत म्हणजे जलद लयीतले ख्याल आणि तराणे रस्त्यावर घ्या. विलंबित मुक्कामी, खोलीत, शांतपणे लावा. बाबांनाही ते पटेल.

चालत्या गाडीत मध्य आणि तार सप्तकातला आवाज टिकतो, म्हणून लताबाईंची गाणी कुठल्याही गाडीत स्वच्छ ऐकू येतात. नाट्यगीतं, अभंग, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं, बासरी, संतूर, सतारीची गत हे सगळं चालेल. सुरबहार किंवा रुद्रवीणा ही खर्जातली वाद्यं लावू नका, आलापातलं काहीच हाती लागणार नाही. बास वाढवून उपयोग नसतो. दारातले स्पीकर थरथरतात आणि शब्द आणखी दबतात. बास एक-दोन खुणा खाली आणा, मधली पट्टी तेवढीच वर न्या.

क्रम रागांच्या वेळेप्रमाणे लावा. पहाटे ५ला निघालात तर ललत, उजाडताना भैरव, ९नंतर तोडी किंवा जौनपुरी. धुळ्याच्या पुढे दुपारी सारंग, मग भीमपलास. पुण्यात शिरताना संध्याकाळ झालीच तर मारवा. मुलांची गाणी मधेमधे पेरा, दर पाऊण तासाला त्यांची पाळी. सलग दोन तास एकाच्याच आवडीचं लावलं की उरलेले हेडफोन चढवतात, आणि मग एकत्र ऐकणं राहूनच जातं.

मानपूरच्या पुढचा उतार आणि सेंधव्यानंतरचा बिजासन घाट, या दोन्ही ठिकाणी गाणं बंद ठेवा. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न, इंजिनाचा बदललेला आवाज, ब्रेकची कुरकुर हे सगळं चालवणाऱ्याच्या कानावर पडायला हवं.

प्रश्न : पेनड्राइव्ह भरून दिला, पण गाडी तो ‘वाचत’ नाही. दुसऱ्या गाडीत चालतो, तर गाणी भलत्याच क्रमाने लागतात. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ फक्त फॅट३२ फॉरमॅट ओळखतात, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर ड्राइव्ह गप्प बसतो. ३२ जीबीचा घ्या आणि संगणकावर फॅट३२ निवडून फॉरमॅट करा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी प्रत काढून ठेवा. जागेची चिंता नको. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला सुमारे २.४ एमबी घेते, म्हणजे १२ तासांचं संगीत पावणेदोन जीबीत बसतं.

क्रमाचं असं की काही स्टिरिओ फाइलच्या नावाप्रमाणे चालतात, काही कॉपी केलेल्या क्रमाने. म्हणून नावापुढे ००१, ००२ असे आकडे द्या आणि त्याच क्रमाने, एकेक फोल्डर करून कॉपी करा. आकडे इंग्रजी (001, 002) आणि नावं रोमन लिपीत ठेवा, कारण देवनागरीच्या जागी काही पडद्यांवर नुसते चौकोन दिसतात.

जुनं ध्वनिमुद्रण हळू आणि नवं गाणं दणदणीत, हा त्रासही याच वेळी संपवून टाका. एमपी३गेन या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली घालून पातळी ८९ डेसिबलला आणा. मिश्र गाण्यांना ‘ट्रॅक’ पर्याय वापरा. एकच राग दोन-तीन फाइलींत तुटलेला असेल तर मात्र ‘अल्बम’, नाहीतर विलंबित आणि द्रुत यांतला मूळचा चढउतार नाहीसा होतो.

प्रश्न : आमच्याकडे हे रात्री गाडी चालवतात आणि झोप येऊ नये म्हणून ढणाढणा गाणी लावतात. योग्य आहे का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : नाही. मोठ्या आवाजाने थोडा वेळ तरतरी वाटते, झोप जात नाही. शिवाय द्रुत लयीबरोबर ॲक्सिलरेटरवरचा पाय नकळत दाबला जातो. जांभया सुरू झाल्या, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, की ढाब्यावर किंवा पंपावर गाडी उभी करून चहा-कॉफी घ्यायला लावा आणि लगेच २० मिनिटं डोळे मिटायला सांगा. तोवर गाणं बंद.