तीनदा शुद्ध हरपली, पण तिसरी वेळ वेगळी

प्रश्न : माझे वडील 66 वर्षांचे, शेतकरी. दोन महिन्यांत तीनदा बेशुद्ध पडले. पहिल्यांदा लग्नात, अक्षता पडेपर्यंत उन्हात उभे होते तेव्हा. दुसऱ्यांदा पहाटे लघवीला उठले तेव्हा. तिसऱ्यांदा परवा, ओट्यावर बसून चहा पिताना. हातातली बशी पडली आणि ते कलंडले. हातापायांना दोन-तीन झटके आले. मिनिटाभरात उठून ‘काय झालं?’ असं आम्हालाच विचारू लागले. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, दिवाळीपासून प्रोस्टेटचीही सुरू झाली. शेजारी कांदा हुंगवतात, पित्त म्हणतात. बाबा दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. काय करू?
– एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : तिन्ही प्रसंग तुम्ही वेगवेगळे लिहिलेत, हे फार बरं केलंत. चक्करेचं निदान निम्मं तिथेच असतं : माणूस उभा होता की बसलेला, आधी काही जाणवलं का.

लग्नातलं पडणं मला समजतं. उन्हात ताटकळत उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. अशा वेळी बहुधा आधी घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहाटेच्या पडण्यात गोळ्यांचा हात असू शकतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब उतरतो. झोपून मोजलेला वरचा आकडा उभं राहिल्यावर 3 मिनिटांत 20 किंवा जास्त उतरला, तर डॉक्टर गोळ्या बदलतील. मनाने मात्र एकही बंद करू नका.

मला काळजी आहे ती ओट्यावरच्या प्रसंगाची. बसलेला माणूस, ना ऊन, ना घाम, आणि हातातली बशी ठेवण्याइतकीही सवड नाही. हे हृदयाच्या ठोक्यांमुळे असू शकतं. त्या दोन-तीन झटक्यांवरून लगेच फिट समजू नका. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं तरी ते येतात. फिटमध्ये बहुधा जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भ्रमात असतो.

माझे मामा किराणा दुकानात तराजूपाशी असेच दोनदा पडले. घरच्यांनी चातुर्मासातल्या उपासांना दोष दिला. मी तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि मीही मान डोलावली. तिसऱ्यांदा मी समोर होते. मनगट धरलं, तर मिनिटाला 34 ठोके. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नव्हता. पेसमेकर बसवला, आणि मामा पुढे अकरा वर्षं दुकानात बसले. दोन वेळा मी नाडी पाहिली नाही, ही बोच आजही आहे. म्हणून तुम्हाला सांगते, बाबांना आजच न्या. फिजिशियन असेल आणि ईसीजी निघेल अशा ठिकाणी न्या.

ईसीजी चांगला आला तरी तेवढ्यावर परतू नका. ठोके मधूनच अडखळत असतील तर त्या घटकेला कागदावर काहीच उमटत नाही. 24 तास छातीला लावून ठोके नोंदवणारं यंत्र, म्हणजे होल्टर, आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, याबद्दल विचारा. घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

पुन्हा पडले तर आडवं करा, पाय वर उचला, तोंडात पाणी घालू नका. कांदा शोधायला धावण्यापेक्षा मनगटाची नाडी मोजा. छातीत दुखलं, धाप लागली, काम करताना पडले, डोक्याला मार बसला किंवा शुद्ध लवकर आली नाही, तर थेट 108 ला फोन करा.

तपासण्या होईपर्यंत ट्रॅक्टर, मोटरसायकल आणि विहिरीचा काठ बंद. बाबा ऐकणार नाहीत, तेव्हा ‘तुम्हाला काही झालंय’ असं म्हणू नका. पडताना त्यांना स्वतःला काहीच दिसलेलं नाही, ते तुम्ही पाहिलंय. ज्याने बशी पडताना पाहिली त्यालाच सोबत न्या, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला.