सरकारी लॅबचं दार नक्की कुठून उघडतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण पुण्याच्या हायड्रोजन बसबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी लॅब चालवणारी संस्था यांनी मिळून केलेली, ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवली ती. गंमत म्हणजे बसबद्दल फार कोणी विचारलंच नाही. सरकारी लॅब आणि बाहेरची कंपनी एकत्र येतात कशा, आपल्यासारख्याला तिथे कोणी उभं करतं का, आणि शेवटी फायदा कोणाचा, हेच सगळ्यांना विचारायचंय. त्यातले काही प्रश्न घेतलेत.

आमचं रेझिनचं छोटं युनिट आहे, बारा-पंधरा माणसं. एका मालात दर बॅचला चिकटपणा बदलतो, गिऱ्हाईक माल परत पाठवतंय. पुण्याच्या एनसीएलकडे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे, जावं असं वाटतं पण तिथे आम्हाला कोण विचारणार? ओळख लागते का?
*एक वाचक, कुपवाड एमआयडीसी*

ओळख लागत नाही हो दादा. एनसीएलचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं आणि उद्योगांच्या अडचणी सोडवणं हे तेव्हापासून तिच्या कामातच येतं, कोणी उपकार करत नाही. अशा ३७ लॅब सीएसआयआरकडे आहेत आणि बाहेरच्या लोकांशी व्यवहार बघणारी माणसं तिथे असतात, सुरुवात त्यांच्याकडून करा.

पण जाताना "सर आमचा माल बिघडतो, काहीतरी करा" असा एका ओळीचा मेल पाठवू नका, त्याला उत्तर येत नाही आणि मग आपण म्हणतो सरकारी लोक असेच. एक पान लिहा. काय बनवता, महिन्याला किती बनवता, नेमकं कुठल्या स्टेपला बिघडतं, चांगल्या आणि वाईट बॅचमध्ये तुम्ही स्वतः काय मोजलंय (तापमान, अ‍ॅसिड व्हॅल्यू, कच्च्या मालाचा सप्लायर बदलला का), काय काय करून पाहिलं आणि खर्च कुठपर्यंत झेपेल. हे पान नीट लिहितानाच निम्म्या लोकांना आपला घोळ सापडतो, खरंच सांगतो. फॉर्म्युला मात्र त्यात टाकू नका, आधी गोपनीयतेचा करार करा, तो मागितला म्हणून कोणी रागावत नाही, रोजचंच आहे ते.

पुढे रस्ते वेगवेगळे आहेत. नुसतं सॅम्पल तपासून रिपोर्ट हवा असेल तर टेक्निकल सर्व्हिस. शास्त्रज्ञानं सल्ला द्यावा असं वाटत असेल तर कन्सल्टन्सी. तुमच्यासाठी नवीन काही शोधून काढायचं तर स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट, म्हणजे पैसे तुमचे आणि काम त्यांचं. दोघांनी मिळून पैसे, माणसं, मशिनरी घालायची तर कोलॅबोरेटिव्ह. आणि लॅबकडे तयार असलेलं तंत्रज्ञान घ्यायचं तर लायसन्स, त्यात बहुतेक वेळा सुरुवातीला एक रक्कम आणि नंतर विक्रीवर रॉयल्टी असते. तुमच्या केसला माझ्या मते सॅम्पल तपासणी आणि फार तर थोडी कन्सल्टन्सी पुरे, कोणी मोठा प्रोजेक्ट सुचवला तरी लगेच हो म्हणू नका. फी बऱ्याचदा आगाऊ भरावी लागते, वर जीएसटी, आणि फाईल फिरायला वेळ लागतो तो लागतोच, तेव्हा गिऱ्हाइकाला "पुढच्या आठवड्यात माल देतो" असलं काही कबूल करून बसू नका.

अजून एक. स्पॉन्सर्ड प्रोजेक्टचे सगळे पैसे आपण भरले म्हणजे निघालेलं पेटंट आपोआप आपलं, असं नसतं. मालकी कोणाची, वापरायचा हक्क कोणाला, किती वर्षं, हे करारात जे लिहिलंय तेच खरं. वकिलाला दाखवा, तिथे पैसे वाचवू नका.

पेपरमध्ये रोज कुठल्यातरी लॅबच्या एमओयूचा फोटो असतो, फाईल हातात धरून सगळे हसतायत. पुढे त्याचं काय होतं?
*इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नांदेड*

बऱ्याचदा काहीच नाही. एमओयू म्हणजे आपण दोघं एकत्र काम करायला तयार आहोत एवढंच. पैसे किती, कोणी काय कधीपर्यंत द्यायचं, हे त्यात साधारणपणे नसतं, ते नंतरच्या करारात येतं, आणि त्या कराराचा फोटो कोणी काढत नाही. बातमीत कामाचं नाव, मुदत आणि रक्कम नसेल तर पान उलटायचं.

माझा प्रश्न जरा कडक आहे. संशोधन आमच्या करातून होतं. मग ते खासगी कंपनीच्या हातात का द्यायचं? कोव्हॅक्सिनचंच बघा, विषाणू पुण्याच्या एनआयव्हीचा आणि धंदा कंपनीचा.
*निवृत्त शिक्षक, रत्नागिरी*

सर, प्रश्न कडक नाही, योग्यच आहे. आणि उदाहरण इतकं चांगलं दिलंत की त्याच्यावरच बोलूया.

एनआयव्ही ही विषाणूंवर काम करणारी आयसीएमआरची लॅब, आणि आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधन बघणारी केंद्र सरकारची संस्था. २०२० मध्ये तिनं पेशंटच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला, वाढवला आणि तो स्ट्रेन हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला. प्राण्यांवरच्या चाचण्याही एनआयव्हीनं केल्या, २० माकडांवर, आणि लॉकडाऊनच्या दिवसांत ती माकडं शोधत टीम नागपूरच्या बाजूला फिरली होती. पण एनआयव्हीकडे लस बनवायचा कारखाना नाही. असला विषाणू मोठ्या टाक्यांत सुरक्षितपणे वाढवायचा, मारायचा, शुद्ध करायचा, कुप्यांमध्ये भरायचा, प्रत्येक बॅच सारखी निघाली पाहिजे, हे सगळं कंपनीकडे होतं. शिवाय लसीचा असर वाढवणारा घटक होता तो अमेरिकेतल्या विरोव्हॅक्स या तिसऱ्याच कंपनीनं तयार केलेला. म्हणजे लॅबनं सगळं फुकट देऊन टाकलं असंही नाही आणि कंपनीनं नुसतं बाटलीवर लेबल लावलं असंही नाही. ३ जानेवारी २०२१ ला लसीला आपत्कालीन परवानगी मिळाली, इतक्या लवकर हे एकट्यानं कोणालाच जमलं नसतं.

आता पैशाचं. करारात आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी होती, आणि जानेवारी २०२२ पर्यंत आयसीएमआरला १७१ कोटींच्या वर रक्कम मिळाल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. म्हणजे करदात्याला काहीच आलं नाही असं नाही.

पण तुमचा राग पूर्ण चुकीचाय असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीनं खासगी हॉस्पिटलसाठी एका डोसचा भाव १,२०० रुपये जाहीर केला, तेव्हा लोक भडकले ते रास्तच होतं. माझं सरळ मत असं की सरकारी लॅबनं रॉयल्टीच्या टक्क्यापेक्षा भावाबद्दल आणि पुरवठ्याबद्दल जास्त घासाघीस करावी, कारण रॉयल्टी शेवटी सरकारच्या एका खिशात येते आणि भाव मात्र माणसाच्या खिशातून जातो. मालकीचंही तसंच. लसीच्या पेटंटच्या अर्जात कंपनीनं सुरुवातीला आयसीएमआरचं नाव घातलं नव्हतं, ओरड झाल्यावर जून २०२४ मध्ये सहमालक म्हणून ते घालायचं ठरलं. कंपनीचं म्हणणं नजरचुकीनं राहिलं. असेल बुवा. पण इतक्या गाजलेल्या कामात हे होऊ शकतं तर कुपवाडच्या आपल्या दादांनी करार चार वेळा वाचावा हे बरं.

आणि उलट बाजूही बघा सर. एड्सवरचं एझेडटी हे औषध परदेशी भावात आपल्याकडे कोणाला परवडणार होतं? हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी लॅबनं ते बनवायची पद्धत काढली, मुंबईच्या सिप्लानं घेतली आणि १९९३ मध्ये औषध कितीतरी स्वस्तात बाजारात आणलं. तेव्हा आपला पेटंट कायदा १९७० चा होता, औषधाला नाही तर बनवायच्या पद्धतीला पेटंट मिळायचं, म्हणून ते शक्य झालं. २००५ पासून औषधालाच पेटंट मिळायला लागलं, त्यामुळे ती वाट आता तितकी मोकळी नाही.

लॅबमध्ये चाललं की कारखान्यात चालायला इतकी वर्षं का लागतात? शास्त्रज्ञ ढिले की कंपनीवाले कंजूष?
*एक वाचक, नाशिक*

थोडं दोन्ही, पण मुख्य भानगड वेगळीच. काचेच्या भांड्यात अर्धा लिटर ढवळताना जी उष्णता सहज निघून जाते ती पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये अडकून बसते, आणि माल करपतो. मधे पायलट प्लँट, म्हणजे चाचणीपुरता छोटा कारखाना लागतो, त्याला पैसे लागतात, आणि ते घालायला लॅब म्हणते हे आमचं काम नाही, कंपनी म्हणते अजून सिद्ध झालेलं नाही. इथेच बहुतेक तंत्रज्ञान मरतं. सीएसआयआरची २००० सालची एनएमआयटीएलआय नावाची योजना याचसाठी काढलेली, लॅब आणि उद्योग एका प्रोजेक्टमध्ये बसवायचे आणि जोखमीचा वाटा सरकारनं उचलायचा. आपल्या बसच्या आधी ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात हायड्रोजनवर कार चालवून बघितली होती, ती त्याच योजनेतली.

दुसरं म्हणजे कागदावरून तंत्रज्ञान जात नाही, माणसांबरोबर जातं. स्वराज ट्रॅक्टर बघा, डिझाईन दुर्गापूरच्या सीएमईआरआय या सरकारी लॅबचं, पंजाब सरकारनं १९७० मध्ये त्यासाठी कंपनी काढली, लॅबमधले इंजिनिअरच उठून तिकडे गेले आणि १९७४ मध्ये ट्रॅक्टर बाहेर पडला. २००७ मध्ये महिंद्रानं ती कंपनी घेतली, ट्रॅक्टर अजून शेतात आहेतच. नुसती ड्रॉइंगची गुंडाळी पाठवली असती तर ती कुठल्यातरी कपाटात असती.

माझा मुलगा सरकारी लॅबमध्ये शास्त्रज्ञ आहे. त्याला स्वतःच्या शोधावर कंपनी काढायचीय. नोकरी सोडावी लागेल का?
*एक आई, डोंबिवली*

ताई, लगेच राजीनामा नको. २००९ पासून केंद्र सरकारनं शास्त्रज्ञांना आपल्या शोधावरच्या कंपनीत हिस्सा घ्यायला वाट मोकळी केलीय, पण परवानगी घेऊन, आणि तपशील लॅबप्रमाणे बघावे लागतील. एनसीएलच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे, तिथे नव्या कंपन्यांना जागा, उपकरणं, पेटंटचा सल्ला मिळतो. त्याला एवढंच सांगा की पेटंटचा अर्ज टाकायच्या आधी शोधनिबंध छापू नकोस, नाहीतर नवीनपणाच गेला.

आमचा बचत गट कोकम सरबताचं सिरप करतो. पावसाळ्यात बाटल्या फुगतात. म्हैसूरच्या सीएफटीआरआयकडून काही मिळेल का?
*महिला बचत गट, कुडाळ*

मिळेल. सीएफटीआरआय १९५० पासून खाद्यपदार्थांवरच काम करते, म्हशीच्या दुधापासून बेबी फूड करायची जी पद्धत अमूलनं वापरली ती त्यांचीच. त्यांची पुष्कळशी तंत्रज्ञानं एकालाच न देता अनेकांना देतात, म्हणून फी आवाक्यात राहते, आणि छोटे ट्रेनिंग कोर्सही असतात. पण ताई, म्हैसूरला जायच्या आधी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जा, कोकमावर त्यांचं काम खूप आहे आणि तुम्हाला जवळही. बाटली फुगते म्हणजे आत आंबतंय, आणि त्याला बहुतेक साखर कमी पडते किंवा बाटल्या नीट उकळलेल्या नसतात. सिरप ६५ ब्रिक्सपर्यंत (हे साखरेचं माप) जातंय का ते रिफ्रॅक्टोमीटरनं बघा, हातात मावणारं यंत्र असतं, एक थेंब टाकायचा आणि आकडा वाचायचा. फुगलेली एक आणि न फुगलेली एक अशा दोन बाटल्या, तारीख घालून, सोबत घेऊन जा.