एमडी पॅथॉलॉजीनंतर कॅन्सर रुग्णालयातली फेलोशिप करावी का? तिथे वेगळं काय शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की एमडी नुकतंच झालंय, घरचे गावातच लॅब टाक म्हणताहेत आणि तुमच्या मनात ऑन्कोपॅथॉलॉजीची, म्हणजे कॅन्सरच्या निदानाची, फेलोशिप आहे. तीन वर्षं स्लाइड्स पाहिल्याच की, मग आणखी एक-दोन वर्षं कशासाठी, असं तुम्हाला वाटतंय. मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात ही फेलोशिप केली आणि आता जळगावला हिस्टोपॅथॉलॉजीच (शरीरातून काढलेले तुकडे तपासून निदान) करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमडीत आपण आजाराचं नाव ओळखायला शिकतो. त्या नावाखाली आपण ज्या चार ओळी लिहितो, त्यातल्या एकेका ओळीवर रुग्णाचे पुढचे सहा महिने ठरतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. माझ्यासाठी फेलोशिपची कमाई ही. ‘दुर्मीळ केसेस खूप बघायला मिळतात’ हे सगळे सांगतात, खरंही आहे, पण तेवढ्यासाठी वर्ष घालवू नका.

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर भरपूर, तेव्हा उदाहरण तेच घेते. सकाळी ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना पाहून त्याचे काप घेण्याच्या, टेबलावर नमुना येतो: गालाची आतली बाजू, खालच्या जबड्याचा अर्धा भाग आणि मानेच्या गाठी. सर्जनने दोन टाके घातलेले असतात, लांब दोरा पुढे, आखूड दोरा वर. तो तुकडा रुग्णाच्या तोंडात कसा बसला असेल, हे समजायला आम्ही स्वतःच्या गालाला आतून जीभ लावून बघायचो. मग कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई, मग सुरी. इथे काप चुकला तर तो परत घेता येत नाही. हाड आम्लात मऊ व्हायला ठेवायचं आणि मानेच्या चरबीतून बोटांनी चाचपत एकेक लिम्फ नोड (कॅन्सर जिथे पसरू शकतो ती छोटी गाठ) काढायचा. पहिल्या महिन्यात मला नोड सापडले की बरं वाटायचं आणि मी थांबायचे. आमच्या वरिष्ठ मॅडम येऊन तीच चरबी पुन्हा चिमटीत धरायच्या आणि तांदळाएवढे आणखी तीन-चार काढून द्यायच्या. काही बोलायच्या नाहीत, फक्त कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या छोट्या डबीत) ठेवायच्या.

आता याचं पुढे काय होतं बघा. कॅन्सरची पायरी ठरवायच्या एजेसीसी या अमेरिकी नियमावलीची आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आली, तिच्यात तोंडाच्या कॅन्सरसाठी नुसती लांबी-रुंदी पुरत नाही, गाठ किती खोल रुतलीय तेही मोजावं लागतं. गाठ २ सेंमीच्या आत असली तरी खोली ५ मिमीच्या वर गेली की टी१ ची टी२ होते, म्हणजे गाठीची पायरी एकाने वाढते. ही खोली शेजारच्या निरोगी श्लेष्मल त्वचेच्या तळपटलापासून (तिच्या वरच्या थराखालच्या पातळ पडद्यापासून) मोजायची. व्रण पडलेला असेल किंवा गाठ फुलकोबीसारखी वर आलेली असेल, तर पृष्ठभागापासून पट्टी लावणारा हमखास चुकतो. मी चुकले होते. तसंच नोडचं. कॅन्सर नोडचं आवरण फोडून बाहेर आलाय असं तुम्ही लिहिलंत की रेडिएशनच्या जोडीला सहसा केमोही येते. साठीच्या, किडनी जरा कमजोर असलेल्या माणसाला सिस्प्लॅटिन हे किडनीला जड जाणारं केमोचं औषध म्हणजे काय, हे सगळ्या विभागांच्या संयुक्त बैठकीत ऑन्कोलॉजिस्टच्या तोंडून ऐकलं की आवरण फाटलंय असं लिहिण्याआधी आपण स्लाइड तीनदा बघतो.

मानेच्या नोड्सबद्दल एवढं लिहितेय त्याला कारण आहे. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या सर्जन मंडळींनी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी छापली. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ लागत नसली तरी मानेचं ऑपरेशन सोबतच करावं, की नंतर गाठ आली तर करावं? सोबत केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. तेव्हा असे रुग्ण आले की बहुतेक वेळा मानेची चरबीही टेबलावर येणार, आणि तिच्यातला छोटा नोड शोधणं आपल्याच हातात असणार.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे रिव्ह्यू. बाहेरून रिपोर्ट घेऊन आलेल्या रुग्णाच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पुन्हा तपासले जातात. खिडकीवर नातेवाईक उभे असतात. कोणी गोरखपूरहून, कोणी मालद्याहून, कोणी आपल्याच हिंगोलीहून आलेले. स्लाइड्स वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, मेणाचा ब्लॉक प्रवासातल्या उन्हाने मऊ पडलेला. मला विसरता न येणारा ब्लॉक एका बावीस वर्षांच्या मुलाचा होता. मानेत गाठ, रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’, म्हणजे टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके (ग्रॅन्युलोमा) असलेली नोडची सूज, त्यावर सहा महिने टीबीची औषधं, गाठ तशीच. आम्ही ब्लॉकमधून आणखी खोल काप घेतले. ग्रॅन्युलोमा होतेच, पण त्यांच्या मधल्या भागात तुरळक मोठ्या पेशी होत्या, दोन केंद्रकांच्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या. सीडी३० आणि सीडी१५ ही या पेशी ओळखायची दोन्ही मार्कर पॉझिटिव्ह. हॉजकिन लिम्फोमा हा लिम्फ नोडचा कॅन्सर, म्हणजे वेळेत सापडला तर बरा होण्याची चांगली शक्यता असलेला आजार. हॉजकिनमध्ये ग्रॅन्युलोमा दिसू शकतात हे मी एमडीच्या परीक्षेत लिहिलं होतं. तरी आपल्या देशात मानेची गाठ आणि ग्रॅन्युलोमा एकत्र दिसले की पेन आपसूक टीबीकडे वळतं. त्या संध्याकाळी एमडीच्या काळात मी स्वतः सही केलेले ग्रॅन्युलोमाचे रिपोर्ट डोळ्यांसमोर येत राहिले. तेव्हापासून मधला भाग मोठ्या पॉवरवर पाहिल्याशिवाय मी तसा रिपोर्ट सोडत नाही.

फ्रोझन सेक्शन हा तिसरा धडा. ऑपरेशन सुरू असताना तुकडा येतो, उणे वीस अंशांच्या आसपास गोठवून कापायचा, रंगवायचा आणि साधारण वीस मिनिटांत सर्जनला फोनवर सांगायचं. चरबी नीट गोठत नाही, हाड कापलंच जात नाही. अशा वेळी ‘आत्ता सांगता येणार नाही, पॅराफिनवर बघून सांगते’ (म्हणजे नेहमीच्या मेणाच्या ब्लॉकवर, नंतर) हे वाक्य ठामपणे बोलायला शिकणं फार मोलाचं. मला त्यासाठी पाच-सहा महिने लागले.

फुफ्फुसाच्या बायोप्सीचं थोडक्यात सांगते. सुईने मिळालेला तुकडा दोऱ्याएवढा असतो. एमडीत आम्ही हौसेने कॅन्सरचा प्रकार ओळखायचे आठ-दहा मार्कर लावायचो आणि ब्लॉक संपायचा. तिथे बहुतेक वेळा टीटीएफ१ आणि पी४० या दोन मार्करवरच भागवायचं, कारण उरलेल्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जनुकांच्या तपासण्या करायच्या असतात आणि गोळी चालेल की नाही ते त्यावर ठरतं.

जरा आडवाटेला जाते. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. त्यांनी आणि सूर्याबाईंनी १९४५ मध्ये भारतातल्या कॅन्सरचे तीन नवे प्रकार मांडले, तिन्ही लोकांच्या सवयींशी जोडलेले. एक होता धोतराच्या घट्ट काच्याने कमरेला वर्षानुवर्षं घासलेल्या जागी होणारा त्वचेचा कॅन्सर. मायक्रोस्कोपखाली तो साधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच, म्हणजे त्वचेचा नेहमीचा एक कॅन्सरच, दिसतो. तो कमरेलाच का, हे विचारणारा पॅथॉलॉजिस्ट तिथे होता. फॉर्मवरचा ‘व्यवसाय, सवयी’ हा रकाना मी अजूनही स्वतः फोन करून भरून घेते, ते त्यांच्यामुळे.

आता व्यवहाराचं. डीएम ऑन्कोपॅथॉलॉजी ही तीन वर्षांची पदवी आहे, तिला नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मेडिकल कॉलेजात किंवा मोठ्या कॅन्सर संस्थेत कायमचं राहायचं असेल तर तिचाच विचार करा. फेलोशिप साधारण एक-दोन वर्षांची असते, विद्यावेतन खासगी लॅबच्या पगारापेक्षा कमी असतं, आणि एकेका संस्थेचं प्रमाणपत्र कुठे किती धरलं जातं ते अर्जाआधीच लेखी विचारून घ्या. तुम्हाला परत गावीच यायचंय, तर माझ्या मते फेलोशिप पुरते.

जागा निवडताना नावाला भुलू नका. दोन दिवस पाहुणे म्हणून जाता येतं का ते विचारा आणि तिथल्या फेलोंशी चहाच्या वेळी बोला. ग्रॉसिंग ते स्वतः करतात की तंत्रज्ञांवर सोडलेलं असतं? सरांच्या आधी स्वतःचं मत लिहून ठेवावं लागतं का? संयुक्त बैठकीत बसायला मिळतं का? रिव्ह्यूच्या केसेस आधी फेलोच्या हातात येतात का? चारपैकी तीन उत्तरं ‘नाही’ असली तर मी तरी तिथे गेले नसते.

गावात याचा उपयोग होईल का, हेही तुम्ही विचारलंय. मी परत आले तेव्हा पहिल्याच महिन्यात स्तनाचं अख्खं ऑपरेशन केलेलं एक स्पेसिमेन आलं, छोट्याशा बरणीत कोंबलेलं, वर चार बोटं फॉर्मॅलिन, काप न देता दीड दिवस ठेवलेलं. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत जातं. गाठ मधोमध होती आणि मधला भाग सडला होता. त्यावर ईआर (कॅन्सर हार्मोनच्या गोळीला दाद देईल का ते सांगणारी तपासणी) निगेटिव्ह आलं असतं तर ते खरं की खोटं, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि त्या बाईंची पाच वर्षांची गोळी त्यावर ठरणार होती. सुदैवाने आधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक मिळाला, ईआर त्यावर केलं, पॉझिटिव्ह आलं.

त्यानंतर मी पाच लिटरचे रुंद तोंडाचे डबे घेतले. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन भरून, नमुन्याच्या निदान दहापट, गावातल्या सर्जनकडे आदल्या संध्याकाळी पोचवते. डब्यावर नमुना बाहेर काढल्याची वेळ लिहायला जागा आहे. सुरुवातीला ती रिकामी यायची. आता बहुतेक डब्यांवर लिहिलेली असते, आणि नमुना आला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याला काप देते.