वाचकांचे प्रश्न : माजी सैनिकांचा सत्कार करताना

प्रश्न : १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. त्याच संध्याकाळी सोसायटीतल्या निवृत्त फौजींचा सत्कार ठेवायचं कमिटीच्या मनात आहे. जमेल का?
– दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तारीख बरोबर आहे, पण गाव बडोदा आहे! पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्यावरून हा दिवस ठरला. इथे मात्र त्या दिवशी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण. अख्खं शहर गच्चीवर, प्रत्येक गच्चीवर स्पीकर. हॉलमध्ये येणार कोण आणि ऐकू काय येणार? शिवाय रस्त्यावर आडवी येणारी पतंगाची दोरी. पंचाहत्तरीच्या माणसाला त्या दिवशी स्कूटरवरून बोलावणं म्हणजे त्याचा गळा धोक्यात घालणं. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे तोही दिवस गेला.

आधीचा रविवार घ्या, सकाळी दहाची वेळ. रात्री परतायची काळजी राहत नाही. नाहीतर ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. तो १९४९ पासून पाळला जातो आणि निधीचा डबाही फिरवता येतो. यादीत १९७१ च्या युद्धातले जास्त असतील तर १६ डिसेंबरसारखा, म्हणजे विजय दिवसासारखा, दिवस नाही.

प्रश्न : नावं कुठून मिळवायची? गेल्या वेळी पाच स्मृतिचिन्हांवर नावं चुकली, परत करून घ्यावी लागली.
– कारेलीबाग, बडोदा

उत्तर : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पत्त्यांची यादी मागू नका. निमंत्रण द्या आणि फलकावर लावायची विनंती करा. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) दवाखान्यात आणि सीएसडी म्हणजे सैन्याच्या कॅन्टीनमध्येही तेच करा. फक्त पांढरे केस शोधू नका. शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते, त्यामुळे तो चाळिशीच्या आतही घरी येतो आणि पुढे कुठेतरी गार्ड म्हणून उभा असतो. रविवारी त्याची ड्यूटी असू शकते, म्हणून निमंत्रण पंधरा दिवस आधी जाऊ द्या. बडोद्यात ईएमई स्कूल (सैन्याच्या यांत्रिक आणि विद्युत विभागाची प्रशिक्षण संस्था) आहे, तेव्हा यादीत रणगाडे आणि गाड्या दुरुस्त करणारेही निघतील. त्यांना ‘बॉर्डरवर होतात का?’ हा एकच प्रश्न विचारून गप्प करू नका.

फॉर्मवर चारच रकाने ठेवा : देवनागरीत नाव (त्यांच्याच हातचं), हुद्दा, रेजिमेंट किंवा कोअर, नोकरीची वर्षं. शंका आली तर डिस्चार्ज बुक बघा, झेरॉक्स घेऊ नका. सर्व्हिस नंबर आणि पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर फॉर्मवर नको, फ्लेक्सवर तर नकोच. पेन्शनच्या नावाने फसवणारे फोन याच माहितीवर चालतात.

आता चुका कुठे होतात ते बघा. ‘नायक’ हा हुद्दा डीटीपीवाला आडनाव समजतो आणि ‘श्री. नाईक पवार’ असं कोरलेलं घरी येतं. ‘मानद कॅप्टन’मधला ‘मानद’ गाळला जातो. ‘निवृत्त सुभेदार अमुक’ असं लिहू नका, ‘सुभेदार अमुक (निवृत्त)’ असं लिहा. सैन्यातली पद्धत हीच : माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. आणि ‘वीर चक्र विजेते’ नको, ती काही स्पर्धा नव्हे. ‘वीर चक्राचे मानकरी’ म्हणा. कोरायला देण्याआधी प्रत्येकाच्या घरी मजकुराचा फोटो पाठवा आणि ‘ठीक’ असं उत्तर आल्याशिवाय काम सुरू करू नका.

प्रश्न : चाळीस जणांचा सत्कार करताना अडीच तास गेले, लोक उठून गेले. काय चुकलं?
– बडोदा

उत्तर : हिशेब चुकला. पायऱ्या चढणं, शाल, श्रीफळ, फोटो आणि उतरणं याला माणशी दोन मिनिटं लागतात. चाळिसांची ऐंशी मिनिटं, भाषणं वेगळी. मानकऱ्यांना मंचावर नेऊ नका, पाहुण्यांना खाली आणा. पहिल्या दोन रांगा सैनिकांच्या, प्रत्येक रांगेत पाहुण्यांची एक जोडी. निवेदक नाव आणि एक ओळ वाचेल, पाहुणे पुढे सरकतील. वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं. सोफे मांडू नका, खोल गाद्यांतून गुडघे उठत नाहीत. हात असलेल्या खुर्च्या घ्या. क्रम वयाचा, शौर्यपदक असलेले आधी.

शालीचं मात्र नीट समजून घ्या. पदकं छातीच्या डाव्या बाजूला असतात. नेहमीसारखी शाल दोन्ही खांद्यांवरून टाकली की ज्यासाठी बोलावलं तेच झाकलं जातं, वर पिनेत लोकर अडकते आणि रिबिनी ओढल्या जातात. घडी केलेली शाल हातात द्या किंवा फक्त उजव्या खांद्यावर ठेवा. कार्यक्रमाचा बिल्लाही उजवीकडेच. काठी असलेल्याच्या दुसऱ्या हातात नारळ कोंबू नका, तो शेजारी बसलेल्या घरच्यांकडे द्या. दिवंगत सैनिकाच्या पत्नीने पदकं उजव्या बाजूला लावली असतील तर तेच बरोबर आहे. स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एखादा उत्साही ती ‘दुरुस्त’ करायला जातो.

प्रश्न : जानेवारीतच कार्यक्रम आहे, तर महिला मंडळाचं हळदीकुंकू त्यालाच जोडावं का?
– रावपुरा, बडोदा

उत्तर : निमंत्रितांत वीरनारी (वीरगती मिळालेल्या सैनिकांच्या पत्नी) असतील आणि वाण फक्त सुवासिनींना असेल, तर जोडू नका. ज्यांचा सन्मान करायचा त्यांनाच सगळ्यांदेखत वगळल्यासारखं होईल. तिळगूळ सर्वांना द्या, वाण द्यायचं तर प्रत्येक बाईला, किंवा हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी ठेवा. ‘शहीद’ऐवजी ‘वीरगती मिळाली’ असं निवेदकाला लिहून द्या.

प्रश्न : मंचावरच्या टेबलाला तिरंगा अंथरला तर?
– बडोदा

उत्तर : नाही. ध्वजसंहितेनुसार टेबल किंवा भाषणाचा स्टँड तिरंग्याने झाकता येत नाही. श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला तो उभारा, किंवा मागच्या भिंतीवर, वक्त्याच्या डोक्यापेक्षा वर लावा. नाश्त्याच्या कागदी रुमालांवर तो छापलेला नाही ना, हे ऑर्डर देतानाच बघा.