संबंधित म्हणजे कोण?

प्रिय मैत्रिणी,

(वयानं माझ्या निम्मी आहेस, पण आता आपण एकाच धंद्यात. तेव्हा मैत्रीणच म्हणते.)

तुझा मेल काल रात्री उशिरा वाचला. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अप्रेंटिसशिपला तुला सहा आठवडे झाले. दिवसभर याला फोन, त्याला मेल, एक्सेलचे रकाने भरायचे, मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून मिनिट्स, म्हणजे काय बोललं-ठरलं त्याची टिपणं, लिहायची. "यात मॅनेजमेंट कुठंय? मी नुसती पोस्टमन झालेय," असं लिहिलंस. हसू आलं. मी माझ्या उमेदवारीत स्वतःला टायपिस्ट म्हणायचे.

मिनिट्सचंच आधी सांगते, कारण माझं नाक तिथंच कापलं गेलं.

सातवा महिना असेल. ग्राहकांच्या नोंदी जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवायच्या होत्या. दर सोमवारी मीटिंग, आणि संध्याकाळच्या आत माझी मिनिट्स सगळ्यांच्या मेलमध्ये. नीटनेटकी, शुद्धलेखन तपासलेली. त्यात एक ओळ होती : 'नव्या सर्व्हरसाठी सुरक्षा विभागाची परवानगी संबंधितांनी घ्यावी.' पुढच्या सोमवारी तीच ओळ. त्याच्या पुढच्याही. मी ती इमानेइतबारे कॉपी करून खाली चिकटवत राहिले. शनिवारी रात्री सिस्टिम हलवायची होती आणि गुरुवारी दुपारी कुणीतरी विचारलं, "ती परवानगी आली ना?"

खोलीत कुणी बोलेना. डेव्हलपर्सना वाटत होतं सर्व्हरवाले घेतील. सर्व्हरवाल्यांना वाटत होतं व्हेंडर, म्हणजे बाहेरची पुरवठादार कंपनी, घेईल. व्हेंडरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मिनिट्समध्ये दर आठवड्याला येतंय म्हणजे त्या बघतायत असं समजलो." त्या म्हणजे मी! परवानगीला कामाचे दहा दिवस लागायचे. त्यानंतरचे दोन शनिवार महिनाअखेरच्या हिशेबात गेले. तारीख महिनाभर पुढं ढकलावी लागली.

मी ज्यांच्या हाताखाली होते, ते ओरडले नाहीत. चारही सोमवारच्या मिनिट्सच्या प्रिंट त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, पेन्सिलनं चार ठिकाणी एकच शब्द अधोरेखित केला आणि विचारलं, "संबंधित म्हणजे कोण?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीही पुढं काही विचारलं नाही, चहाला निघून गेले.

तेव्हापासून माझ्या मिनिट्समध्ये प्रत्येक कामापुढं एक नाव आणि एक तारीख असते. एकच नाव. दोन लिहिलीस की दोघंही एकमेकांकडं बघतात. आणि ते नाव मीटिंगमध्ये, त्या माणसासमोर मोठ्यानं वाचायचं. मान हलली तरच लिहायचं. बघ, कोपऱ्यात बसून तू हे करायला लागलीस की खोलीतली माणसं हळूहळू तुझ्याकडं बघून बोलायला लागतात. अधिकार कुणी दिलेला नसतो, तरी.

आता तुझ्या पोस्टमनचं. सहा माणसांच्या टीममध्ये प्रत्येकाचा प्रत्येकाशी धागा धरला तर १५ धागे होतात. माणसं दहा झाली की ४५. चारच माणसं वाढली आणि धागे तिप्पट. यातला कुठला धागा तुटलाय हे कामात बुडालेल्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त आपलं टेबल. तू रोज या टेबलावरून त्या टेबलावर जातेस म्हणून तुला दिसेल. फक्त पाकीट पोचवून परत फिरू नकोस. दोन मिनिटं थांब, "तुझं काय अडलंय?" एवढं विचार. "झालं का?" हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर नेहमी "९० टक्के झालं" असंच येतं. पुढच्या आठवड्यातही ९० टक्केच. त्यावर माझा तोडगा साधा आहे : काय उरलंय त्याची यादी माग. यादी सांगता आली तर काम खरंच पुढं सरकलंय. "तसं काही फार नाही गं" असं ऐकू आलं, तर अजून कुणी नीट बघितलेलंच नाही.

कामाला किती दिवस लागतील याचे अंदाज कसे घ्यायचे, असंही तू विचारलंयस. १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' नावाची पद्धत निघाली. तिच्यातलं सूत्र तुझ्या कोर्समध्ये येईलच : सगळं सुरळीत गेलं तर किती दिवस, बहुधा किती, आणि सगळं बिनसलं तर किती. मधल्या आकड्याला चारनं गुणायचं, बाकीचे दोन मिळवायचे, सहानं भागायचं. चार, सहा आणि चौदा दिवस असतील तर उत्तर सात. पण उत्तरापेक्षा तिसरा प्रश्न विचारताना समोरच्याचा चेहरा बघ. "बिनसलं तर चौदा" म्हणताना तो जरा थांबतो आणि मग म्हणतो, "म्हणजे, त्यांच्याकडून डेटा वेळेत नाही आला तर..." ही जोखीम तुझ्या रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे जोखमींच्या यादीत, गेली पाहिजे. एरवी ती कुणी आपणहून सांगितली नसती. माणसं आपल्याच कामाचा अंदाज सवयीनं कमी लावतात. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या सवयीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलंय. तेव्हा कुणी कमी सांगितलं म्हणून त्याला खोटारडा ठरवू नकोस.

"आधी सुरू तर करू, बाकीचं पुढं बघू" हे वाक्यही तुला लवकरच ऐकू येईल. कधीकधी ते बरोबरही असतं. पण सिडनी ऑपेरा हाऊसचं काम १९५९ मध्ये असंच, छत नेमकं कसं उभं राहणार हे ठरायच्या आत सुरू झालं होतं. पुढं छताचा भार पेलणार नाही म्हणून चौथऱ्याचे खांब नव्यानं बांधावे लागले. १९६३ मध्ये उघडायची इमारत १९७३ मध्ये उघडली, आणि सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. आज तिचे फोटो सगळे काढतात, ती गोष्ट वेगळी. तुझ्या माझ्या प्रोजेक्टचे फोटो कुणी काढत नाही.

वाईट बातमी मात्र दाबून ठेवू नकोस. दर आठवड्याच्या रिपोर्टमध्ये लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात. लाल लावायला सगळ्यांचाच हात जड होतो. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल प्रोजेक्टला आमच्याकडं कलिंगड म्हणतात. ते कापायची वेळ शेवटच्या आठवड्यात येते, आणि तेव्हा सुरी नेमकी उमेदवाराच्या हातात असते. म्हणून शंका आली की त्याच दिवशी तुझ्या वरिष्ठांना एकटं गाठ आणि तोंडी सांग. भर मीटिंगमध्ये फोडू नकोस, त्यांनाही तोंडघशी पडायचं नसतं.

सर्टिफिकेटचं एवढंच, की घाई नको. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या 'कॅपम' या सुरुवातीच्या सर्टिफिकेटला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते तुझ्या कोर्समध्ये होऊन जाईल. त्यांच्याच पुढच्या 'पीएमपी'ला काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागतात, त्यामुळं तो विचार आत्ता सोडच. त्यापेक्षा एक सवलत वापर, जी तुझ्याकडं आहे आणि माझ्याकडं राहिलेली नाही. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला तू बिनदिक्कत विचारू शकतेस, "हे मला कळलं नाही, परत सांगाल?" मी विचारलं तर लोक चमकतात. तुला समजावताना मात्र ती माणसं अर्ध्यात थांबतात आणि म्हणतात, "अरे, हे तर आपण धरलंच नाही." मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही वेळा विचारणारी उमेदवारच होती.

बुधवारी तुझी पुढची मीटिंग आहे ना? मिनिट्स सगळ्यांना पाठवायच्या आधी मला पाठव. माझ्याकडं पेन्सिल आहे.

तुझी,
एकेकाळची टायपिस्ट